ताईच्या नावावरचे पन्नास गुंठे

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. कर्जत

आज जमीन झाली. 'माझी झाली' असं लिहायला पेन टेकवलं होतं, पण ते कागदावर उतरवू नये हे आता या वहीतही पाळलेलं बरं.

कळंबच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, पन्नास गुंठे. वरच्या अंगाला चार आंबे, खालच्या अंगाला ओढा, समोर माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला. ही गेल्यापासून तीन वर्षं विनिपेगच्या खिडकीतून बर्फ बघत मी हीच जागा मनात आखत होतो. अडतीस वर्षं परदेशात काढली. आता शेवटची जी काही आहेत ती शांतपणे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, इथे काढायची.

गंमत अशी की मी जन्मलो कर्जतला, दहिवलीच्या शाळेत शिकलो, आणि कायद्याच्या लेखी इथे मीच परदेशी. पासपोर्ट कॅनडाचा. आमच्यासारख्यांना फ्लॅट घेता येतो, शेतजमीन नाही. म्हणून खरेदी द्वारकाताईच्या नावावर केली. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी; इथे कर्जतला मी तिच्याच घरी उतरलोय. तिच्या सासरची लोधिवलीला भातशेती आहे, त्यामुळे ती कागदोपत्री शेतकरी. पैसे माझे, नाव तिचं. ती 'बरं' म्हणाली. तिनं मला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही.

नोंदणी कार्यालयात कारकुनानं विचारलं, "घेणार कोण?" ताई शाळेत हजेरी द्यावी तशी ताठ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "मी!" सगळे वळून बघायला लागले. मला हसू आलं. छान वठवलं तिनं.

गुरुवार, १९ डिसेंबर

ताईला जागा दाखवायला नेली. आंब्यापर्यंत चढताना तीनदा थांबली. रक्तदाबाची गोळी विसरली होती म्हणे. वर पोचल्यावर चप्पल काढून अनवाणी फिरली. मी हद्दीचे दगड मोजत होतो, ती प्रत्येक आंब्याला हात लावत होती.

तिचं धापा टाकणं मला आवडलेलं नाही. ताईला मूलबाळ नाही, यजमानही गेले. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर जमीन तिच्या नवऱ्याच्या पुतण्यांकडे जाईल. मृत्युपत्र लवकर करून घ्यायला हवं. वारशानं मिळालेली शेतजमीन परदेशी माणसाला ठेवता येते, हे मी विचारून घेतलं आहे.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सातबाऱ्यावर ताईचं नाव चढलं. तिनं त्याची प्रत स्टेशनजवळच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये घालून आणली. मी म्हटलं, "अगं, हे काय प्रशस्तिपत्रक आहे?"

"लोधिवलीच्या उताऱ्यावर मी नऊ नावांत आठवी आहे," ती म्हणाली. "इथे एकटीच आहे."

मी मृत्युपत्राचा विषय काढला. वकील ऋजुताबाईंची वेळ घेतलीय असंही सांगितलं. ताई वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "करू की. तू पण काही लिहून देणार आहेस का?"

"मी काय लिहून देऊ?"

"काही नाही," म्हणाली आणि टरफलं उचलून आत गेली. वयानुसार बोलण्यातला धागा सुटतो तिचा अलीकडे.

शहाण्णव साली बाबांचं दहिवलीचं घर विकलं तेव्हा बरी होती. हक्कसोडपत्रावर न वाचता सही केली, वर मला चहा करून दिला. त्या पैशावर माझं विनिपेगचं घर उभं राहिलं. तेव्हा असले प्रश्न विचारले नव्हते तिनं.

शनिवार, ११ जानेवारी

खालच्या अंगाचा शेतकरी येसाजी पोपटीला बोलावून गेला. सत्तरीचा असेल, काटक. तो, बायको बायजा आणि मुलगा प्रवीण. प्रवीण खालापूरला कंपनीत सुपरवायझर आहे, शनिवार-रविवार घरी असतो. भांबुर्डीच्या पाल्यात शेंगा, बटाटे, अंडी घालून मडकं उपडं केलं आणि भोवती जाळ. चाळीस वर्षांनी ती चव तोंडाला लागली. डोळे भरून आले ते धुरानं की कशानं, कुणास ठाऊक.

जेवताना येसाजी सहज म्हणाला, "तुमच्या आंब्याखालनं आमची वाट हाय. भाताचे भारे तिथनंच येतात. माज्या बापाच्या आदीपासून."

मी विचारलं, कागदावर आहे का?

तो हसला. "वाट पायावर असते, साहेब. कागदावर कशी असंल?"

प्रवीण मात्र हसला नाही. मला म्हणाला, "तुमी कायमचे राहणार काय इथं? व्हिसा-बिसा लागत नाय?" मी म्हटलं, आम्हा मूळ भारतीयांना कार्ड असतं, लागत नाही. "मंग जमीन घेता येती तुमाला?" मी म्हटलं, बहिणीनं घेतली. त्यानं मान हलवली, पण नजर काढली नाही.

शनिवार, १८ जानेवारी

कुंपण सुरू केलं. सिमेंटचे खांब, पाच पदरी तार. वाट आत घेतली. आज एक वाट दिली की उद्या गुरं, परवा टेंपो. शांतता हवी असेल तर सुरुवातीलाच ठाम राहावं लागतं.

दुपारी येसाजी आला. तारेला हात न लावता पलीकडे उभा राहिला.

"साहेब, आमी कुटनं जायाचं?"

"ओढ्याकडून रस्ता आहे ना."

"पावसात वढा छातीला लागतो."

मी म्हटलं, कागद असेल तर दाखवा, लगेच सोडतो. तो म्हणाला, "परवा आमच्या चुलीशी बसून जेवलात तुमी." आणि निघून गेला. त्याचा या प्रश्नाशी काय संबंध, मला कळलं नाही. पण दिवसभर काम सुचलं नाही हे खरं.

गुरुवार, ३० जानेवारी

ताईशी भांडण झालं. आयुष्यात पहिल्यांदा.

जागेवर गेलो तर तारेचे खालचे दोन पदर वर बांधून ठेवलेले, आणि त्याखालून बायजा गवताचा भारा ओढून नेत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय. मालकीणबाईंनी."

ताई परवा एकटी रिक्षा करून आली होती! मला न सांगता. घरी येऊन विचारलं तर भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणाली, "हो, सांगितलं. गुडघे दुखतात तिचे. ओढ्यातून कशी जाईल?"

"मला विचारायचंस तरी!"

"का?"

"का म्हणजे? जमीन कोणाची आहे?"

तिनं विळी आडवी केली. "कागदावर कोणाचं नाव आहे, शशी?"

"ताई, ते नाव मी घातलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण एकदा घातल्यावर ते माझं नाव आहे ना?"

मी जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं. घाबरलोय मी, हे इथे लिहितो. पुतण्यांना घाबरत होतो, येसाजीला घाबरत होतो. हिला घाबरायचं कधी मनातही आलं नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तहसील कचेरीची नोटीस. ताईच्या नावानं. येसाजीनं वाट अडवल्याचा अर्ज केलाय, पण तेवढंच नाही. सोबतच्या अर्जाच्या प्रतीखाली वेगळ्या, नेटक्या अक्षरात, प्रवीणच्याच असणार, शेवटचं कलम आहे: 'सदर जमिनीचा खरा खरेदीदार परदेशी नागरिक असून बहिणीचे नाव केवळ दाखविण्यापुरते आहे, याचीही चौकशी व्हावी.' सुनावणी सत्तावीसला, दुपारी बारा.

ऋजुताबाईंना लगेच फोन केला, उद्याची वेळ घेतली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ऋजुताबाई तिशीतल्या असतील, पण बोलणं कोयत्यासारखं. सगळं ऐकून म्हणाल्या, "काका, वाटेचं सोडा. ते सहा फुटांत मिटेल. खरा धोका दुसरा आहे. पैसे तुमचे, नाव बहिणीचं, आणि जमीन तुमच्यासाठी. हे सिद्ध झालं तर हा बेनामी व्यवहार. जमीन सरकारजमा होऊ शकते. तुमच्या इथं राहण्यावरही प्रश्न येईल."

"आणि ताईला?"

हे मी विचारलं की त्यांनी आपणहून सांगितलं, आता आठवत नाही. म्हणाल्या, "नाव ज्यांचं त्यांनाही शिक्षा असते. तुरुंगापर्यंत."

"यातून वाट?"

"एकच. भावानं बहिणीला पैसे भेट दिले, बहिणीनं स्वतःसाठी जमीन घेतली, यात काहीच गैर नाही. पण मग जमीन खरोखर त्यांची. मृत्युपत्र करा म्हणून तुम्ही मागे लागलात तर उद्या तोच पुरावा होईल. आणि मी कोणालाही खोटं बोलायला सांगणार नाही, हे आत्ताच सांगते."

मी म्हटलं, समजलं. मनात म्हटलं, ताई 'भेट' म्हणेल, प्रश्न मिटेल, पुढचं पुढे.

रविवार, २३ फेब्रुवारी

ताईला सगळं समजावलं. कोणता प्रश्न येईल, काय उत्तर द्यायचं. कागदावर लिहून दिलं. तिनं तो चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"पाठ झालं?" मी विचारलं.

"मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलंय. दुसऱ्यानं लिहिलेलं उत्तर कधी खपवून घेतलं नाही."

"मग काय बोलणारेस?"

"बघू."

गेल्या चार रात्री झोप नाही. ती मात्र पडल्या पडल्या घोरते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सगळं जसं घडलं तसं लिहितो. क्रम चुकता कामा नये.

साडेअकराला कचेरीत पोचलो. येसाजी व्हरांड्यात बाकाच्या टोकाला बसला होता, प्रवीण खांबाला टेकून. ताईला बघून येसाजी उठला. "बसा, बाई." त्याच्या जागेवर ती बसली. मला कोणी बस म्हटलं नाही. मीच पलीकडे पायरीवर बसलो.

बाराला वीस मिनिटं असताना ताईनं मला बाजूला घेतलं, पाण्याच्या टाकीपाशी.

"शशी, मी आत खोटं बोलणार नाही."

"ताई, आता? तुला तुरुंग होईल, कळतंय का?"

"कळतंय. म्हणून तर तुला विचारते. तू मला ही जमीन दिलीस का?"

"अगं, ते आत म्हणायचं—"

"आत काय म्हणायचं ते नाही विचारत. दिलीस का? दिली असशील तर 'भावानं दिली' म्हणेन. नसशील दिली, तर 'नाव माझं, जमीन त्याची' असं सांगेन आणि होईल ते भोगेन. मला दोन्ही जमेल. पण जे म्हणेन ते खरं पाहिजे."

"आत्ता तेवढं म्हण, नंतर आपण दोघं बसून—"

"नंतर नाही. माझ्याकडे नंतर फार नाही उरलंय." ती हे रागानं म्हणाली नाही. भाजी घ्यायची की नको, इतक्या साध्या आवाजात. "बारा वाजायच्या आत ठरव."

आणि ती जाऊन पुन्हा येसाजीशेजारी बसली.

मी टाकीपाशी उभा. नळ थेंब थेंब गळत होता. मला तिचा इतका राग आला होता की डोळ्यांपुढे अंधारी आली. माझे पैसे. माझी म्हातारपणाची सोय. अडतीस बर्फाळ हिवाळे मोजून जमवलेलं. आणि ही माझ्याकडे असं मागते, जणू काही मी तिचं काही देणं लागतो. मग पुकारा झाला.

आत तहसीलदार बाईंनी आधी वाटेचं ऐकलं. येसाजीनं सांगितलं. ताई उठून म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. वाट होती. चूक आमची. तारा काढते." बाईंनी लिहून घेतलं. मग फाइलचं पान उलटलं.

"जमीन तुम्ही घेतली?"

"हो."

"पैसे कोणाचे?"

"भावाचे."

प्रवीण पुढे झुकला.

"भावाचे म्हणजे? उसने? की त्यांच्यासाठी तुम्ही घेतली?"

ताई माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, डोळ्यांत विनवणी असेल. नव्हती. पेपर सोडवणाऱ्या मुलाकडे वर्गातले गुरुजी बघतात ना, तशी वाट बघत होती.

"ते त्यालाच विचारा," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोला."

"दिले," मी म्हटलं. "बहिणीला दिले."

"परत घेण्याच्या बोलीवर?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. येसाजी खाली जमिनीकडे बघत होता, जणू माझी लाज त्यालाच वाटत होती.

"नाही," मी म्हटलं.

"जमिनीवर तुमचा हक्क?"

"काही नाही."

कारकुनानं टाइप केलं. मी सही केली. हाताचा घाम लागून कागद चिकटला, तो सोडवून घ्यावा लागला.

बाहेर आल्यावर ताईनं पायऱ्या उतरायला माझा हात धरला. तिचा हात गार होता आणि चांगलाच कापत होता. म्हणजे तीही घाबरली होती? मग इतका हट्ट कशासाठी केला?

शुक्रवार, ७ मार्च

बोलणं बंद आहे. माझ्याकडून. ताई नेहमीसारखी वाढते, नेहमीसारखी 'अजून भात घे' म्हणते. मी खाली मान घालून जेवतो.

२ एप्रिलचं परतीचं तिकीट काढलं. तिला सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच.

लेकीचा, अंतराचा टोरांटोहून फोन आला होता. झालेलं सगळं सांगितलं, म्हटलं, तुझ्या आत्यानं मला भर कचेरीत लुटलं. ती विचारते, "बाबा, दहिवलीच्या घराचे पैसे आले तेव्हा आत्याला किती दिले होते?"

मी म्हटलं, तो विषयच वेगळा आहे. मुलांना जुन्या गोष्टी अर्धवट माहीत असतात.

सोमवार, १७ मार्च

कचेरीचा निकाल आला. सहा फूट वाट मोकळी ठेवायची. मालकीबाबत चौकशी बंद. ऋजुताबाईंनी अभिनंदन केलं. कोणाचं, ते विचारलं नाही.

बॅग भरायला घेतली. तीन महिन्यांत इतकं सामान कसं जमलं?

शनिवार, २९ मार्च

जागेवर माझी टेप, लेव्हल आणि दोन खुर्च्या पडल्या होत्या. त्या आणायला सकाळी एकटाच गेलो. ताई घरी नव्हती. देवळात गेली असेल म्हटलं.

ती आंब्याखाली होती. पदर खोचून, हातात चुन्याच्या फक्कीचं भगुणं. बायजा दोरीचं एक टोक धरून उभी, येसाजी दुसरं. कुंपणाच्या तारा वाटेपुरत्या गुंडाळून बाजूला ठेवलेल्या.

मला बघून कोणी चपापलं नाही. मीच चपापलो.

"काय चाललंय?" बावीस दिवसांनी मी तिच्याशी पहिला शब्द बोललो.

"घर आखतेय. दोन खोल्या. पावसाआधी जोतं तरी होईल, येसाजी म्हणतात."

"कर्जतचं घर असताना तुला इथे दोन खोल्या कशाला?"

"एक मला."

"आणि दुसरी?"

"येणाऱ्याला." ती फक्की टाकत राहिली. "मुद्दाम कोणासाठी नाही. आला तर राहील, नाही आला तर धान्य ठेवीन."

मी खुर्च्या उचलल्या. निघालोच होतो. पण खाली नजर गेली आणि पाय अडला. आखणी तिरकी होती. अशी तिरकी, की भिंती उभ्या राहिल्या असत्या तर छप्पर बसलंच नसतं. आयुष्यभर मशीनं बसवली मी. असलं काही बघून पुढे जाणं मला शक्य नाही.

"ताई, हा काटकोन नाहीये."

"मग काय आहे?"

"काहीच नाहीये! इकडे आण ती दोरी."

एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, मधला कर्ण पाच. येसाजीला मी ते करून दाखवलं. तो गुडघ्यांवर बसून बघत होता. "तीन, चार, पाच," पुटपुटला. "हे बेस हाय. आमी आपले डोळ्यानं करतो."

"म्हणून तुमच्या गोठ्याचं दार घासतं," मी म्हटलं.

बायजा पदराआड फसकन हसली. येसाजीही हसला. पोपटीच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

तितक्यात प्रवीण वाटेनं वर आला. मला बघून थबकला. मग म्हणाला, "काका, ते अर्जातलं... मीच लिवलं होतं."

"माहीत आहे. अक्षर चांगलं आहे तुझं."

"तुमी जाताय म्हनं बुधवारी."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काटकोन बरोबर आला, पण दुसऱ्या खोलीचा कोपरा आता नेमका वाटेवर जात होता. तीन-साडेतीन फूट. येसाजीनंही ते पाहिलं होतं. चौघंही माझ्याकडे बघत उभी.

"सगळं पुसा," मी म्हटलं. "चार फूट वर सरकवू."

"वर खडक हाय," येसाजी म्हणाला. "खणायला दोन दिस जास्ती जातील."

"जाऊ देत."

ताईनं पायानं फक्की पुसायला सुरुवात केली. मी टेप घेऊन वर चढलो. प्रवीणनं न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं. ऊन चढेपर्यंत आम्ही चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या.

आत्ता हे लिहितोय ते खुर्चीत बसून, इथेच. बॅग घरी अर्धी भरून पडली आहे. खालून ताई विचारतेय, दुसऱ्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी. मी डोंगराकडे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तिकडून पाऊस आत येईल रे."

येईल. खिडकीवर पाऊस अडवायला पत्र्याची झड काढावी लागेल. मापं घेतली पाहिजेत.